पिकअपचं इंजिन बदलायचं की आहे तेच खोलायचं?

वाळपईवाला
बोलेरो पिकअप, २०१४ ची, २०१९ ला सेकंडहँड घेतली, मीटर २ लाख ८० हजार दाखवतो, खरा किती ते देवालाच ठाऊक. आठवड्यातून तीनदा बेळगावला भाजीला जातो, जाताना नारळ भरून. गेल्या बुधवारी चोर्ल्याचा घाट चढताना टेंपरेचरचा काटा लालात गेला, मी म्हटलं वर पोचून बघू, आणि वर पोचेपर्यंत पांढरा धूर नि खडखड. डिपस्टिक काढली तर ऑइल चहासारखं दुधाळ. मिस्त्री म्हणतो पूर्ण खोलून बोअरिंग (सिलिंडर आतून घासून घेणं), पिस्टन-रिंग, हेड (इंजिनाचं वरचं झाकण) सगळं केलं तर १ लाख १० हजार आणि तीन आठवडे. नाहीतर बेळगावात एकाकडे जुन्या गाडीतून काढलेलं इंजिन आहे, बसवून ७० हजार, चार दिवसांत गाडी रस्त्यावर. गणपतीची चवथ दीड महिन्यावर आली, माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांचं) सामान आणि भाजी हाच माझा वर्षाचा सीझन. मी जुनं इंजिन घ्यायच्या मतावर आलोय. कोणी केलंय का?

फोंड्याचा पाना
केलंय, आणि पस्तावलोय. ते इंजिन का विकायला आलं ते विचार आधी. अपघातातल्या गाडीचं असेल तर नशीब, पण बहुतेकदा ज्याचं इंजिन निकामी झालं तोच विकतो रे, वरून प्रेशर मारून धुतलं की सगळी इंजिनं नवी दिसतात. तुझ्या इंजिनाचे रोग निदान तुला माहीत आहेत.

रात्रीची ट्रिप
हे बोलायला सोपं. तीन आठवडे गाडी उभी म्हणजे नऊ ट्रिपा गेल्या, गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीवाल्याकडे गेलं की परत येत नाही. आणि आपल्याकडचे तीन आठवडे म्हणजे किती ते सगळ्यांना माहीत आहे, लेथवाल्याकडे हेड पडून, मग पार्ट आला नाही, मग मिस्त्रीच्या घरी जत्रा. मी माझ्या गाडीत जुनं इंजिन टाकलं, दोन वर्षं झाली, अजून पाना लागला नाही. वाळपईवाला, तू घे. फक्त चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नको.

फोंड्याचा पाना
चालू करून काय बघणार? थंड असताना स्टार्ट करायला सांग, आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर तिथूनच परत ये. ऑइल भरायचं झाकण काढ, तिथून फकाफका धूर आला तर रिंगा गेल्या. कॉम्प्रेशन टेस्ट चारही सिलिंडरची. सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उघडायला लाव, तळाला चकचकीत चुरा दिसला तर बेअरिंग खाल्लंय. एवढं करू देणारा विकणारा मला आजवर एकच भेटला.

रात्रीची ट्रिप
म्हणजे भेटला ना :)

आरसी बुक
तुम्ही दोघं लोखंडावर भांडताय, कागदाचं कोण बघणार? इंजिन बदललं म्हणजे इंजिन नंबर बदलला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो, गाडी कर्जावर असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती, आणि इन्शुरन्सलाही कळवायचं. कमर्शियल गाडी ८ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी, तिथे नंबर जुळला नाही तर चवथीला गाडी घराकडेच. विकणाऱ्याकडून बिल आणि ज्या गाडीचं इंजिन आहे तिच्या आरसीची कॉपी घे, उद्या ती गाडी चोरीची निघाली तर पोलीस तुला शोधत येणार, त्याला नाही. आहे तोच ब्लॉक बोअर करून घेतलास तर यातलं काहीच नको.

रात्रीची ट्रिप
कोण करतं हो एवढं सगळं?

आरसी बुक
दादा, अपघात होईपर्यंत कोणीच करत नाही.

पर्वरीकर
मी तर म्हणेन विकून टाका. बारा वर्षांच्या गाडीत लाख घालायचे, मग गिअरबॉक्स, मग पत्रा, आपल्या खाऱ्या हवेत चासी कुजतेच. त्यापेक्षा डाऊन पेमेंट करून नवी काढा.

वाळपईवाला
पर्वरीकर, हप्ता तुम्ही भरणार काय? इंजिन निकामी झालेल्या गाडीला भंगाराचाच भाव येतो, विचारून झालं. आणि चासी चांगली आहे, सत्तरीत खारं वारं कुठलं.

फोंड्याचा पाना
एक सांग, रेडिएटरात काय घालत होतास?

वाळपईवाला
पाणी.

फोंड्याचा पाना
विहिरीचं?

वाळपईवाला
हो. कूलंट सुरुवातीला होता, मग गळायला लागलं तेव्हापासून पाणीच.

फोंड्याचा पाना
अरे मग इंजिन कुठलंही टाक, पुढच्या पावसाळ्याआधी परत इथेच येणार तू. रेडिएटर क्षाराने चोंदलाय, आधी तो उघडून रॉडिंग कर (सळईने नळ्या साफ कर) नाहीतर बदल, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होस पाईप नवे घाल. हे ७० हजारांत धरलंय का त्याने?

वाळपईवाला
नाही.

रात्रीची ट्रिप
हे मात्र बरोबर बोलला पाना. माझ्या वेळी क्लचप्लेट आणि क्रँकचं मागचं ऑइल सील पण घातलं होतं, इंजिन खाली असतानाच होतं ते काम, नंतर परत सगळं उतरवायची मजुरी. म्हणजे माझेही ७० चे ९० झालेले, सांगायचं राहिलं.

फोंड्याचा पाना
राहिलं म्हणे! आणि अजून एक, आरसीवर बीएस थ्री (धुराच्या प्रदूषणाचा जुना दर्जा) आहे का बघ. १ एप्रिल २०१७ नंतर सगळीकडे बीएस फोर झालं, तसल्या गाडीचं इंजिन गळ्यात मारलं तर वायरिंग नि ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) नावाने बसशील रडत.

रात्रीची ट्रिप
तरीपण सीझन महत्त्वाचा. बोअर केलेलं इंजिन पहिले हजारभर किलोमीटर हळू चालवायचं असतं, भरलेली गाडी घेऊन चोर्ला चढवणार का नवीन रिंगांवर?

फोंड्याचा पाना
निम्मा लोड, सावकाश. ते मी नाकारत नाही.

वाळपईवाला
अपडेट. बेळगाववाल्याला फोन केला, सम्प उघडू देणार का विचारलं, म्हणाला "विश्वास नसेल तर येऊ नका". आरसीची कॉपी "नंतर देतो". मग आज हेड उतरवलं. गॅस्केट दोन आणि तीनच्या मधे जळलंय, हेड वाकलंय, पण लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) ओरखडे फक्त तीन नंबरच्या. खडखड तिथलीच असावी असं मिस्त्रीचं म्हणणं. हेड उद्या लेथवर जाणार. चवथीपर्यंत भावोजींची गाडी भाड्याने मिळते का बघतोय, तो डिझेलवर वेगळे पैसे मागतोय.

रात्रीची ट्रिप
भावोजी तो भावोजी. मंगळवारी माझ्या गाडीत अर्धी जागा आहे, नारळ पाठवायचे असतील तर सांग.