मदत हवी आहे: डिलिव्हरीच्या वेळी आईले आत ठेवता येते का?

ताई लोकहो, मले आठवा महिना लागला, दुसरं बाळंतपण हाय अन् भीती कळांची नाही, त्या लेबर रूमची वाटून राह्यली. पहिल्या खेपेले मी तिथं दीड दिवस होती पण माहं नाव कोणी घेतलं नाही, मनगटाले चिकटपट्टी लावून पेनानं ७ लिहिलं अन् मंग "ए सात नंबर, सरक" एवढंच. काय तपासून राह्यले, कायचं इंजेक्शन हाय, कोणी सांगे नाही. माय कापूस वेचणं सोडून बाहेर व्हरांड्यात बसली होती, तिचा आवाज मले ऐकू ये पण तिले आत येऊ देल्लं नाही. सिस्टर तिघीचौघींले एकटीच होती, तिच्यावर राग नाही माहा, पण नाव घ्यायले किती वेळ लागते?

आता आशाताई म्हणते, २०१६ मधीच केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यात सोबतीले एक बाई ठेवाची परवानगी देल्ली. तं हे अगोदर लिहून द्या लागते का, अन् कोणाले, मेडिकल ऑफिसरले की सिस्टरले? जननी शिशु सुरक्षामधून औषध, जेवण, गाडी फुकट हाय हे माहीत हाय, प्रश्न पैशाचा नाही. दारव्हा, दिग्रस, पुसदकडे कोणी मायले नाहीतं जाऊले आत ठेवलं असन तं सांगजा, तिथं नेमकं काय बोलल्या तेही सांगजा.