माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडला, पण लॅपटॉपवर तोच मारिओ एवढा फास्ट का पळतो?

गोदाकाठ

मंडळी, घरात रंगकाम काढलंय म्हणून माळा रिकामा करायला घेतला तर गाद्यांच्या मागे आमचा ९०च्या दशकातला टीव्ही गेम निघाला, थर्माकोलसकट. पांढरा-लाल डबा, दोन रिमोट, बंदूक आणि ती पिवळी कॅसेट, ९९९९ इन १ वाली. खोक्यावर मारिओचं चित्र छापलंय पण निन्टेंडो हे नाव कुठंच नाही, कंपनीचंच नाव नाही खरंतर. शाळेत सगळे ह्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचे त्यामुळे नक्की काय होतं हे कधी कळलंच नाही.

तर अ‍ॅडॅप्टर मिळत नाहीये म्हणून तोवर लॅपटॉपवर एम्युलेटर (जुनं मशीन असल्याचं सोंग करून त्याचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला, मुलाला म्हटलं बघ तुझा बाप काय खेळायचा. आणि पहिल्याच स्टेजला खड्ड्यात! एकदा नाही, परत परत. उडी वेळेआधी संपते, कासवं पळत येतात, आणि गाणं तर सरळसरळ घाईत वाजतं. मुलगा म्हणतो बाबा तुम्ही म्हातारे झालात. बायको म्हणते भंगारवाल्याला दे आणि माळा मोकळा कर. मला मात्र शंभर टक्के वाटतंय की आमचा मारिओ एवढा फास्ट नव्हता. हे माझ्या डोक्यातलं आहे की खरंच काही टेक्निकल कारण आहे? आणि तो डबा म्हणजे निन्टेंडोच होता ना? बदकं मारायच्या गेमची बंदूक आताच्या एलईडी टीव्हीवर चालेल का तेही सांगा.

सोल्डरवाला

तुमच्या डोक्यातलं नाही, मुलाला हा रिप्लाय दाखवा.

आधी डबा काय होता ते. निन्टेंडोने १९८३च्या जुलैमध्ये जपानात फॅमिकॉम नावाचं मशीन काढलं, मासायुकी उएमुरा नावाच्या इंजिनिअरने डिझाइन केलेलं. हेच पुढे १९८५ मध्ये अमेरिकेत एनईएस म्हणून करड्या डब्यात गेलं. अमेरिकेच्या मशीनमध्ये डुप्लिकेट कॅसेट चालू नये म्हणून एक कुलूपवाली चिप होती, जपानी फॅमिकॉममध्ये ती नव्हती. त्यामुळे तैवानच्या कंपन्यांनी फॅमिकॉमच्या चिपा कॉपी केल्या आणि अख्ख्या आशियात, रशियात हे क्लोन, म्हणजे नकला, पसरले. रशियात त्याचं नाव डेंडी, आखाती देशांत मायक्रो जीनियस, आपल्याकडे मीडिया नावाच्या कंपनीचा सामुराई, आणि त्याच्यानंतर तर बिननावाच्या डब्यांचा पूरच आला. तुमचा त्यातलाच एक. उघडून बघितलात तर आत चिपच्या जागी काळ्या डांबरासारखा एक ठिपका दिसेल, सगळं मशीन त्या ठिपक्याखाली आहे. कॅसेटीला ६० पिना मोजा, म्हणजे फॅमिकॉमचा वंश. अमेरिकेच्या कॅसेटीला ७२ असतात.

आता स्पीडचं. जपान-अमेरिकेतले टीव्ही एनटीएससी सिस्टीमचे, सेकंदाला ६० वेळा चित्र काढायचे, आपले पाल सिस्टीमचे, ५० वेळा. आणि ह्या गेममध्ये सगळं काही फ्रेमवर, म्हणजे अशा एकेका चित्रावर, मोजलेलं असतं, मारिओ किती सरकणार, कासव किती सरकणार, पुढचा सूर कधी वाजणार, सगळं. युरोपात अधिकृत विकताना काही गेमचा हिशोब ५० साठी नीट करून दिला होता, पण आपल्या पिवळ्या कॅसेटीत जपानी गेम जसाच्या तसा कोंबलेला. म्हणजे ६० साठी लिहिलेला गेम ५० वर चालायचा, सहातला एक भाग हळू. गाण्याचे सूर जवळपास तेच राहायचे, लय तेवढी संथ व्हायची. आपली सगळ्यांची बोटं त्या विलंबितवर तयार झालीयेत, एम्युलेटर द्रुतमध्ये वाजवतोय, खड्ड्यात पडणारच.

खात्री करायची तर मारिओच्या पहिल्या स्टेजला नुसते उभे राहा आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. वरचा टाइम ४०० पासून उतरतो ना, त्याचा एक आकडा म्हणजे २४ फ्रेम. एम्युलेटरवर ४०० संपायला २ मिनिटं ४० सेकंद लागतील. तुमच्या डब्यावर साधारण ३ मिनिटं १२ सेकंद.

उपाय सोपा आहे. एफसीईयूएक्स किंवा मेसेन हे एम्युलेटर वापरत असाल तर सेटिंगमध्ये रीजन असतं, तिथे एनटीएससी काढून 'डेंडी' करा. पाल करू नका, तो युरोपवाला, त्यात सूर पण जरा खाली जातात. डेंडी म्हणजे आपलाच डबा.

कुवेत_रिटर्न

वा! मायक्रो जीनियसचं नाव वाचून बरं वाटलं. आमच्या रत्नागिरीत निम्म्या घरातला कोणी ना कोणी गल्फला, त्यामुळे आमच्याकडे सामुराई नंतर आला, आधी चाचांच्या बॅगेतून मायक्रो जीनियस आला. टँग, निडोचा डबा, टायगर बाम आणि मधे टॉवेलात गुंडाळलेला गेम. मुंबईच्या पोरांना वाटतं लॅमिंग्टन रोडला आलं म्हणजे कोकणात आलं, तसं काही नव्हतं हां.

टीव्हीला लावायचा कार्यक्रम मात्र मोठा. अँटेनाची वायर काढायची, गेमची घालायची आणि मग टीव्हीच्या पुढचं ते छोटं झाकण उघडून आतली बारीक चाकं फिरवत बसायचं. मुंग्या, मुंग्या, मुंग्या, मग एकदम आडवं-तिडवं निळं आकाश, की थांब थांब थांब म्हणून सगळे ओरडणार. आणि हे करताना दूरदर्शनचं चॅनल हललं की संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला वडिलांचा जो काय आवाज लागायचा. ती चाकं कुठं होती ह्याची पेन्सिलने खूण करून ठेवलेली असायची आमच्या टीव्हीवर.

आणि पिक्चर ट्यूब खराब होते म्हणून ओरडा खाल्ला नाही असा कोणी आहे का इथे? सोल्डरवाले, हे खरं होतं का सांगा एकदा, माझ्या आईशी वाद अजून मिटलेला नाही.

सोल्डरवाला

आईंना अर्धे मार्क द्या. एकच चित्र तासन्‌तास तसंच ठेवलं तर पडद्याच्या आतला फॉस्फर तेवढ्या जागी जास्त झिजतो आणि डाग राहतो, जुन्या व्हिडिओ गेम पार्लरच्या मशीनवर टायटल असं कोरल्यासारखं दिसायचं. पण घरी सुट्टीत तासभर खेळून ट्यूब जाते वगैरे नाही. पॉज करून जेवायला गेलात तर मात्र आईच बरोबर.

दुसरा_रिमोट

माझ्या नावावरूनच कळलं असेल मी घरात धाकटी.

सगळे मारिओ मारिओ करता पण दुसऱ्या रिमोटबद्दल कोणी बोलत नाही. त्याला स्टार्ट आणि सिलेक्टची बटणंच नव्हती! म्हणजे गेम सुरू करणार दादा, पॉज करणार दादा, बंद करणार पण दादाच. मला वाटायचं आमचाच पीस डिफेक्टिव्ह आहे, मग मोठेपणी वाचलं की जपानी फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर त्या जागी माइक होता, क्लोनवाल्यांनी माइक पण काढला आणि बटणं पण दिली नाहीत. काय म्हणावं.

काँट्रात (दोघांनी मिळून खेळायचा गोळीबाराचा गेम) तिसरी स्टेज आठवते का, धबधब्याची? पडदा वरवर सरकतो आणि जो खाली राहिला तो मेला. दादा भराभरा वर चढून जायचा आणि मी इकडे फळीवर उडी मारतेय तोवर फळीच गायब. गोळी नाही लागली, शत्रू नाही, सख्ख्या भावाने मारलं! एकदा आजी मधे पडली, म्हणाली अरे तिला घे की वर, तर हा म्हणतो आजी गेममध्ये हात देता येत नाही. आजीला ते पटलं नाही. ती म्हणाली मग दोघांचा गेम कशाला म्हणतात.

टँकवाल्या गेममध्ये (बॅटल सिटी) मात्र मी राजा होते. तिथे जोडीदाराला गोळी मारली की तो थोडा वेळ लुकलुकत जाग्यावर थिजतो, मरत नाही. मी दादाला बरोबर शत्रूच्या समोर थिजवायचे. फार राग आला तर खालचा आपलाच गरुड उडवून द्यायचा, गेम ओव्हर, दोघंही बाहेर, आता बस. ३५ स्टेज आहेत म्हणे त्यात, आमच्या भांडणांमुळे आम्ही अर्ध्यापर्यंतही गेलो नाही. पण त्यातलं कन्स्ट्रक्शन आठवतं का, स्वतः विटा, पाणी, झाडी मांडून स्टेज बनवायचा? मी त्यात गरुडाभोवती पूर्ण पांढरं लोखंड लावून टाकायचे आणि म्हणायचे आता या.

आणि एक गंमत दादाला आजही माहीत नाही. बदकांच्या गेममध्ये, एका बदकाच्या मोडला, दुसऱ्या रिमोटने बदक हलवता येतं! तो बंदूक पडद्याला टेकवून नेम धरून बसलेला आणि मी मागे सतरंजीवर बसून बदक गपचूप बाजूला नेतेय. आणि वर तो कुत्रा हसायचा. हसणारा कुत्रा एकच नव्हता त्या घरात.

पंचगंगा_एक्सप्रेस

ताई नाद खुळा 😂 दादाला लिंक पाठवा ह्याची.

बाकी मी जरा वेगळं बोलतो, राग नसावा. हे सगळं आठवायला लय भारी वाटतं पण ९९९९ इन १ मध्ये गेम असायचे मोजून दहा-वीस, बाकी सगळी फसवणूक. काँट्रा एकदा, मग काँट्रा तिसऱ्या स्टेजपासून, मग काँट्रा स्प्रेड गोळीसकट, मग काँट्रा ३० लाइफ, झाले चार गेम. आम्ही कोल्हापुरात सुट्टीत वर्गणी काढून भाड्यानं आणायचो, रात्रभर वापरून सकाळी परत, आणि त्यातला निम्मा वेळ मेनूत खाली खाली जाऊन नवीन काय मिळतंय का बघण्यात जायचा. ३८००व्या नंबरला पण तो सर्कसवाला गेमच. आणि त्याला आपण सुवर्णकाळ म्हणायचं? आत्ताच्या पोरांना फुकटात जे मिळतंय ते बघा जरा.

सोल्डरवाला

फसवणूक होतीच, पण डोकं लावून केलेली होती राव. चिपमध्ये काँट्रा एकदाच, मेनूवरून निवडताना फक्त सुरुवातीचे एक-दोन आकडे बदलून द्यायचे, कुठली स्टेज, किती लाइफ. जागा जवळपास शून्य. हे करणारा माणूस ६५०२ प्रोसेसरच्या मशीन कोडमध्ये घुसून बरोबर त्या जागी बोट ठेवत होता. अख्खा मारिओ ४० केबीचा, आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो त्याहून मोठा असतो.

बाय द वे ३० लाइफचा खरा कोड क्लोनवर पण चालायचा. वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोने १९८६ मध्ये ग्रॅडियस हा गेम फॅमिकॉमवर आणताना तो घातला, कारण टेस्टिंग करताना त्याला स्वतःलाच गेम झेपत नव्हता. आणि मग तो कोड तसाच राहून गेला.

गोदाकाठ

रीजन डेंडी केलं. दुसऱ्या प्रयत्नात पहिली स्टेज (१-१) पार, दुसरीत (१-२) वरच्या विटांवरून चालत जाऊन तो पाईपवाला शॉर्टकट, सरळ चौथ्या वर्ल्डमध्ये. मुलगा गप्प. सोल्डरवाले, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे.

दुसरा_रिमोट ताई, तुमचं वाचून बहिणीला फोन केला. तिलाही बदकाचं माहीत होतं. मला आत्ता कळतंय!! 😡

आता मूळ डबा चालू करायचाय. अ‍ॅडॅप्टर कुठला घेऊ, कॅसेट फुंकून लावू का, आणि बंदुकीचं राहिलंच.

सोल्डरवाला

अ‍ॅडॅप्टर: डब्याच्या खाली बघा, बहुतेकांवर ९ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि शेजारी गोलाचं चित्र असतं, प्लस आत की मायनस आत. ते जुळलं पाहिजे, नुसती पिन बसते म्हणून लावू नका. दुकानात मल्टी अ‍ॅडॅप्टर मिळतो तो पोलॅरिटी बदलता येणारा घ्या. लावल्यावर काहीच नाही आलं तर आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो, पुष्कळदा तोच गेलेला असतो, किरकोळ किंमतीत येतो. पुण्यात बुधवार पेठ, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाशकातही रेडिओ-टीव्ही रिपेअरवाल्याकडे पडलेला असेलच. चित्र लाटा मारत असेल तर फुगलेले कपॅसिटर बघा.

कॅसेट फुंकू नका. फुंकल्याने चालायची असं वाटायचं ते काढून परत घातल्यामुळे, थुंकीने उलट पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातला कापूस, फारच काळं पडलं असेल तर साधा खोडरबर हलक्या हाताने.

तुमची बंदूक एलईडीवर जशीच्या तशी चालणार नाही. तुम्ही ट्रिगर ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदूक गोळी मारत नाही, ती फक्त उजेड बघते. आधी अंधार, मग उजेड, तर लागलं. पडदा आधी काळा करतात तो बल्बकडे बंदूक रोखून चीटिंग करणाऱ्यांसाठी. जुन्या ट्यूबवर हे चित्र त्याच क्षणी उमटायचं, एलईडी टीव्ही आधी चित्रावर प्रोसेसिंग करतो, उशीर होतो, तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं.

त्यामुळे जुना डब्बा टीव्ही शोधा. तुमच्या भंगारवाल्याला गेम देण्याऐवजी त्यालाच सांगून ठेवा, २१ इंची चालू टीव्ही आला तर फोन कर म्हणून. आणायला दोन माणसं न्या, काच फार जड असते.

गोदाकाठ

भंगारवाल्याशी बोललो, म्हणतोय एक आहे, रविवारी बघायला या. बायकोला अजून सांगितलेलं नाही की माळ्यावरून एक वस्तू कमी होण्याऐवजी २१ इंची एक वाढणार आहे.

दुसरा_रिमोट

बहिणीला बोलवा टीव्ही आला की. आणि पहिला रिमोट तिला द्या.