मागून ऑइल गळतंय म्हणून लगेच क्रँक घासायला निघालात?

सातपूरकर: परवा इथे एकाने सल्ला दिला, जुन्या अँबॅसिडरचं इंजिन मागून गळतंय तर क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा, मशीनवर घासा, लिप सील, म्हणजे रबरी सील, बसवा, ओरिजिनलचा हट्ट सोडा. डोकं फिरलं वाचून. अहो त्या १४८९ सीसी बी-सिरीज इंजिनला मागे रबरी सील नसतंच, क्रँकवर आटे कापलेत, क्रँक फिरला की तेच ऑइल परत आत ढकलतात. आत प्रेशर वाढलं की मात्र त्यांना आवरत नाही. म्हणून आधी ब्रीदरचा पाइप (इंजिनात कोंडलेली हवा बाहेर सोडतो तो) साफ करा, बाजूच्या टॅपेट कव्हरचं कॉर्क पॅकिंग बघा. तिथून गळलेलं ऑइल चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं, बेल हाउसिंगखाली, म्हणजे क्लचच्या कव्हरखाली, ठिबकतं आणि मिस्त्री छातीठोक सांगतो मागून गेलं. इंजिन धुवा, कोरडं करा, टाल्कम पावडर मारा, एक चक्कर मारून या, पावडर कुठे भिजली ते बघा आणि मग बोला.

पंचवटीकर: सल्ला मीच दिला होता. ब्रीदर साफ, पॅकिंग नवीन, तरी मुंबईहून येताना कसारा चढला की क्लच प्लेट ऑइलने भिजायची. वडिलांची गाडी आहे, मला ती चालवायचीय, म्युझियममध्ये नाही ठेवायची. सील बसवल्यापासून एक थेंब नाही.

सातपूरकर: घाटातच गळायचं ना? मग पिस्टनच्या रिंगा गेल्यात, लोडवर ब्लो-बाय होतोय, म्हणजे गॅस रिंगांवरून खाली येऊन आत प्रेशर वाढवतोय. कॉम्प्रेशन तपासलं होतं का? सील लावून रोग झाकलात फक्त. आणि घासलेले आटे आता परत येणार नाहीत.

मखमलाबादचा मिस्त्री: उठसूट मिस्त्रीला नावं ठेवू नका. कॉर्कचं पॅकिंग गिऱ्हाईक आणून देतं ते वर्षानुवर्षं दुकानात वाळलेलं, आवळलं की चिरतं. इंजिनच्या डोक्यावरच्या रॉकर कव्हरचे दोन नट कुणीतरी आधीच जीव खाऊन पिळलेले, पत्रा वाकलेला. तो सरळ करायची मजुरी द्यायची नाही, मग सिलिकॉनच चोपडावं लागतं.

गोदाकाठ: सिलिकॉनचं नावच काढू नका, आत सुटलेला तुकडा चेंबरच्या (खाली ऑइल साठतं त्या भागाच्या) जाळीत अडकला की ऑइल पोचत नाही आणि बेअरिंगं जातात. पण खरा प्रश्न वेगळाय. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी मिळते, त्यात चासी, बॉडी, इंजिन मूळचं लागतं. क्रँक घासलेलं इंजिन मूळचं म्हणायचं का?

पंचवटीकर: सील बदललं म्हणजे इंजिन बदललं होय? डिझेल इंजिन टाकलेल्यांना विचारा हे.

गोदाकाठ: तुम्हाला कुणी चोर म्हटलं नाही, चिडताय कशाला?

नाशिकरोड: ती नोंदणी हवीय कुणाला पण? नवीन नोंदणीला २०,००० रुपये फी, १० वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००, आणि वर गाडी रोज वापरायची नाही! आजोबांची गाडी दर रविवारी त्र्यंबकला न्यायची तर ह्या नोंदणीचा उपयोग काय? जपायचं आम्ही, खर्च आमचा आणि अटी ह्यांच्या.

गोदाकाठ: गाडी आधीच रजिस्टर असेल तर जुना नंबर ठेवता येतो, हेही लिहा की. अर्धंच सांगून लोकांना घाबरवू नका.

नाशिकरोड: नंबर राहिला, रोजच्या वापराचं काय?

सातपूरकर: त्यासाठी वेगळा धागा काढा. मिस्त्रीबुवा, वाकलेल्या पत्र्याचं तुमचं बरोबर आहे. मजुरी द्यायलाच हवी, पण सिलिकॉनला माझा नकारच.

पंचवटीकर: कॉम्प्रेशन तपासून घेतो, रिंगा गेल्या असतील तर बदलेन. सील काढणार नाही.