दोघेही प्यायलेले असतील, तर जबाबदारी एकाचीच कशी?

पिंपळपार:
मार्च 2025 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने बलात्काराच्या एका प्रकरणात जामीन देताना, तक्रारदार विद्यार्थिनीने संकट स्वतःच ओढवून घेतले आणि त्याला तीही जबाबदार आहे, असे आदेशात नमूद केले. दिल्लीतील बारमध्ये प्यायल्यावर तिला आधाराची गरज होती आणि विश्रांतीसाठी ती आरोपीबरोबर जायला तयार झाली, हा त्यामागचा आधार होता. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या भाषेवर नाराजी व्यक्त केली.

रविवारी जेवताना आमच्याकडे हा विषय निघाला. मेहुणे म्हणाले, "एवढी प्यायचीच कशाला?" त्यावर पुण्यात शिकणारी माझी पुतणी अर्ध्या ताटावरून उठली. मलाही ती भाषा पटलेली नाही, पण एक शंका मात्र राहिली आहे. दारूमुळे तिच्या होकाराला किंमत उरत नसेल, तर त्याच दारूमुळे त्याची जबाबदारी का कमी होत नाही? एकाच बाटलीला दोन न्याय का?

काळा कोट:
न्याय दोन आहेत हे खरे, पण ते एकाच प्रश्नाचे नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 24 नुसार, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या कलम 86 नुसार, स्वतःहून नशा केलेल्या माणसाला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाणीव होती असे धरले जाते. त्याच्या नकळत किंवा इच्छेविरुद्ध कोणी पाजली असेल, तरच त्याला सवलत मिळते. बलात्काराची व्याख्या करणाऱ्या कलम 63 मध्ये प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे कृत्याचे स्वरूप आणि परिणाम समजण्याच्या स्थितीत ती होती का. नसेल, तर तोंडाने 'हो' म्हटलेले असले तरी ती संमती ठरत नाही, मग दारू तिने स्वतः का प्यायलेली असेना. रस्त्याकडेला झिंगून पडलेल्याचे पाकीट दुसऱ्या झिंगलेल्याने काढले, तर चोर कोण, याबद्दल आपण घुटमळत नाही.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये, स्वखुशीने प्यायलेल्या स्त्रीला तिथल्या कायद्यातील 'असमर्थ' ही व्याख्या लागू होत नाही, असा निकाल दिला आणि त्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाला कायदा बदलावा लागला. आपल्या कलमात ही फट नाही. मात्र दोन ग्लास वाइन घेतलेल्या स्त्रीचा प्रत्येक होकार बाद होतो, असेही कोणी समजू नये. इंग्लंडमधील अपील न्यायालयाने 2007 मध्ये म्हटले होते की प्यायलेल्या अवस्थेतला होकार हा होकार असू शकतो, पण निवड करण्याची क्षमता बेशुद्धीच्या बरीच आधी संपू शकते. खटले अडतात ते नेमके या मधल्या पट्ट्यात.

रातपाळी:
मी रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करते, म्हणून या मधल्या पट्ट्याविषयी लिहिते. वाहन चालवण्यासाठी कायद्याने 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली आहे. संमतीसाठी असा आकडा नाही आणि असता तरी तो फारसा कामाचा ठरला नसता, कारण सवयीने पिणारा आणि पहिल्यांदा पिणारी यांच्यावर त्याच प्रमाणाचा परिणाम सारखा होत नाही. शिवाय 'काही आठवत नाही' म्हणजे 'बेशुद्ध होती' असे नव्हे. माणूस चालतो, बोलतो, रिक्षावाल्याला पत्ताही सांगतो, पण मेंदू त्यातले काहीच साठवून ठेवत नाही. म्हणूनच तिला आठवत नाही यावरून ती खोटे बोलते असेही ठरत नाही आणि तिने नकार दिला होता असेही ठरत नाही. त्या वेळी ती पायऱ्या कशी चढली, बोलणे अडखळत होते का, कोणी धरून नेले का, हे सांगणारे साक्षीदार आणि इमारतीतला कॅमेरा बहुधा रक्ताच्या अहवालापेक्षा जास्त सांगून जातात.

अहवालाचीही एक गोष्ट सांगते. रक्त घेण्याआधी दंड स्पिरिटने पुसायचा नसतो आणि नमुना फ्लोराइड घातलेल्या बाटलीतच ठेवावा लागतो, नाहीतर दारूचा आकडा चुकतो. रक्तातील दारू 100 मिलीमागे ताशी साधारण 15 मिलिग्रॅमने उतरते, त्यामुळे रात्रीची गोष्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगायला आलेल्या मुलीच्या रक्तात बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. मग मेहुण्यांसारखे लोकच विचारतात, प्यायली होती याला पुरावा काय?

गोदाकाठ:
मेहुण्यांच्या प्रश्नाचा वंश जुना आहे. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, तेव्हा दारू तिने नव्हे, दोन आरोपी पोलिसांपैकी एकाने प्यायलेली होती. तरीही तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत यावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले. त्यावर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे धरता येणार नाही, हे वाक्य कायद्यात यायला मात्र 2013 उजाडले. मुलीला सावध राहायला मीही सांगतो, मुलालाही सांगतो. घराला कुलूप लावा असे शेजाऱ्याला सांगणे वेगळे आणि चोरी झाल्यावर त्याच्याच नावाने पंचनामा करणे वेगळे.

पिंपळपार:
पाकिटाच्या उदाहरणाने माझी शंका फिटली, मेहुण्यांची फिटेलसे वाटत नाही. पुतणीला हा धागा पाठवला, तर तिने एवढेच विचारले: अशा वेळी आधी पोलीस ठाण्यात जायचे की रुग्णालयात?

रातपाळी:
रुग्णालयात. आधी तक्रार नोंदवून या, अशी अट नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 397 नुसार सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांनी मोफत उपचार द्यायचे असतात. पोलिसांना कळवण्याचे काम रुग्णालयाचे. आंघोळ न करता आणि कपडे न धुता यावे, तेच कागदी पिशवीत घालून आणावेत, प्लास्टिकच्या नव्हे.