तात्या विंचू, मोगली की बसंती? थीम पार्कमध्ये नवीन राईड कोणाची पाहिजे

वर्धारोडवाला:
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत समृद्धीवरून गाडी काढली आणि भाचेकंपनीला खोपोलीचं इमॅजिका दाखवून आणलं. तिथं मिस्टर इंडियाची राईड आहे, अलीबाबाची आहे, राजासॉरस डायनासोरची पाण्यातली आहे, पोट्टे एकदम खुश. पण परत येताना गाडीत जो वाद सुरू झाला तो अजून घरी चालूच आहे, की पिक्चरमधल्या अजून कोणाकोणाला राईड मिळायला पाहिजे. मोठा भाचा बाहुबली म्हणून राहिला, लहानी मोगली म्हणते, बहिणीला तात्या विंचू पाहिजे आणि भाऊजी गब्बरच्या पुढे काही ऐकूनच घेत नाहीत.

माझी अट एकच. पुतळा उभा करून सेल्फी पॉइंट केला असं नको, पात्र असं पाहिजे की त्याच्या गोष्टीत आपण बसून जाऊ आणि आपल्यासोबतही काहीतरी घडेल. समजा उद्या आपल्या नागपुरात मिहानकडे कोणी असं पार्क काढलंच, तर पहिली राईड कोणाची? कारणासकट सांगा.

इतवारीची_लेक:
तात्या विंचू, दुसरं नाव घेऊच नका. आणि हे फक्त लहानपणच्या प्रेमापोटी म्हणत नाहीये. राईडमध्ये माणसाचा पुतळा हलवला की तो खोटाच वाटतो, डोळे मेलेले दिसतात. तात्या मुळातच बाहुला आहे ना! रामदास पाध्येंच्या हातचा. त्याची मान झटक्यात वळते, जबडा खटखट वरखाली होतो, म्हणजे मशीनने हलवला तरी तो १९९३ च्या झपाटलेलामध्ये दिसला तसाच दिसणार.

आणि गोष्ट तर आयती राईडचीच आहे. त्याला मारायचं तर गोळी बरोब्बर दोन भुवयांच्या मध्येच लागली पाहिजे. मग गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या हातात लाइटची बंदूक द्या, एखाद्या जुन्या वाड्यातून गाडी जाऊ द्या, तात्या कधी माळ्यावर, कधी पाळण्यात, कधी पलंगाखाली. दुसरीकडे कुठं नेम लागला तर तो नुसता हसतो आणि पुढच्या खोलीत परत हजर. शेवटच्या खोलीत पूर्ण अंधार करायचा आणि सीटच्या पाठीत बसवलेल्या स्पीकरमधून अगदी कानाजवळ "ओम फट् स्वाहा". माझ्या अंगावर आत्ता टाइप करतानाच काटा आला.

सदरची_आई:
ताई कल्पना जबरदस्त आहे पण माझा सहा वर्षांचा मुलगा त्या बाहुल्याचा फोटो पाहूनच रडतो, पहिलीच राईड अशी असली तर लहान लेकरांनी करायचं काय?

नागपुरात पार्क होणार असेल तर पहिला मान मोगलीचा, कारण तो आपल्या शेजारचा आहे. किपलिंगने गोष्ट सिवनीच्या डोंगरात घडवली आहे. आपण मनसर, देवलापार करत खवासाकडे निघालो की तेच जंगल लागतं, आणि गोष्टीतली नदी म्हणजे आपल्या भंडाऱ्यातून वाहते ती वैनगंगा. २०१६ चा इंग्रजी पिक्चर तर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत बनला, सगळं जंगल कॉम्प्युटरवर. आपल्याकडे खरी पळसाची, सागाची, मोहाची झाडं लावता येतात, पेंचमध्ये दिसतात तशीच.

माझ्या डोक्यात बोटीची राईड आहे. संथ सुरुवात, बल्लू पाण्यात पाठीवर तरंगतोय, वरच्या फांदीवरून 'का' नावाचा अजगर हळूहळू खाली उतरतोय. मग शेवट मात्र किपलिंगच्या दुसऱ्या जंगल बुकातून घ्यायचा. कोळसुनांचा, म्हणजे रानकुत्र्यांचा कळप मोगलीच्या मागे लागतो, तो त्यांना मधमाश्यांच्या कड्यांपर्यंत पळवत नेतो आणि वरून सरळ वैनगंगेत उडी टाकतो. हा प्रसंग पिक्चरवाल्यांनी घेतलेलाच नाही, आणि राईडमध्ये उंचावरून पाण्यात पडायला याच्यापेक्षा चांगलं कारण कोणतं असणार? चारी बाजूंनी मधमाश्यांचा आवाज आणि खाली धाडकन पाणी. शेरखानला आवाज नानाचाच पाहिजे, दूरदर्शनवरच्या मालिकेतही त्याचाच होता आणि २०१६ च्या हिंदीतही.

हिंगणा_फॅब्रिकेशन:
मी एमआयडीसीत लोखंडाचं काम करतो, झुले, छोट्या राईडच्या फ्रेम पण बनवतो, तर बनवणाऱ्याच्या बाजूने थोडं लिहितो.

पहिले म्हणजे भाऊजींना सांगा गब्बरची राईड होत नाही. गब्बर दगडावर बसतो, फिरतो आणि बोलतो. तो भारी आहे तो बोलण्यामुळे, आणि डायलॉग ऐकायला कोणी तासभर लाइनमध्ये उभं राहत नाही. राईड पाहिजे बसंतीची! तिच्याजवळ टांगा आहे, पुढे धन्नो आहे, मागे डाकू लागलेत आणि शेवटी टांग्याचं चाक निखळतं. पळण्याचं कारण आहे, बसायला गाडी आहे, शेवटचा झटका आहे, सगळं शोलेमध्ये १९७५ पासून तयार पडून आहे, पण आपण पन्नास वर्षं गब्बरच गब्बर करत बसलो.

बनवायचं असं. खरा लाकडी टांगा, त्याच्याखाली हलणारा प्लॅटफॉर्म, तो पुढेमागे झुकतो, डावीउजवीकडे कलतो. समोर यंत्राची धन्नो, तिची फक्त पाठ, मान आणि कान दिसले तरी पुष्कळ, कारण टांग्यात बसल्यावर तेवढंच दिसतं. दोन्ही बाजूंना खरे खडक करा, स्क्रीन कमीत कमी. पडद्यावरचं चित्र लवकर जुनं दिसायला लागतं, दगडमातीचं तसं होत नाही. चाक निघालं की उजवी बाजू एकदम खाली बसते, तेवढ्यात वरचे डाकू डोक्यावरून उडी मारून जातात. टांग्यात चार जण आणि दर तीस सेकंदाला एक टांगा सोडला तर तासाला ४८० लोक होतात. मोठ्या पार्कला हे कमी पडेल पण आपल्या गावाला सुरुवातीला चालते.

दुसरी गोष्ट, जे काही कराल ते छताखाली करा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, उन्हात तापलेल्या लोखंडी रेलिंगला हात लावून पाहा एकदा. ताईंच्या मोगलीची बोटसुद्धा अर्धी तरी आत पाहिजे, नाहीतर दुपारी बारा ते पाच कुत्रं फिरकणार नाही तिथं.

आणि बाहुबली भाचेबुवांनी हैदराबादला रामोजीमध्ये जाऊन पाहावा, तिथं सेटच ठेवलेत दाखवायला.

बर्डीवाला:
धडाकेबाजमधला बाटलीतला गंगाराम काऊन विसरले राजेहो? राईडमध्ये आपण गंगाराम व्हायचं. आपली गाडी बाटलीत, बाहेरचं सगळं अवाढव्य, चहाचा कप घराएवढा, झुरळ म्हशीएवढं, आणि काचेला डोळा लावून बघणारा लक्ष्या. बाटली लवंडली की सगळे गडगडत टेबलावरून खाली. लक्ष्याला परत एवढं मोठं पाहायला मिळालं तर मी रोज जाईन.

वर्धारोडवाला:
हिंगणावाल्या दादांचं वाचून भाऊजी पहिल्यांदा गप्प बसले. मलाही आता पटून राहिलं की आपण नाव आधी निवडतो, तिथंच चुकतं, पहिले त्या पात्राकडे काय घडतं ते पाहायला पाहिजे. डिस्नेचं पायरेट्सचं पाहा ना, राईड १९६७ ची, पिक्चर आला २००३ ला आणि जॅक स्पॅरो त्या राईडमध्ये बसवला २००६ मध्ये. जागा आणि प्रवास एवढा पक्का होता की पात्र नंतर येऊन बसलं.

माझं मत बसंतीला, दुसरं मोगलीला. तात्या रात्रीच्या शोला ठेवा, लहान मुलं गेल्यावर.

एक विचारायचं राहिलं. आई सोबत होती, तिचे गुडघे गेलेत, दिवसभर बाकावर सगळ्यांच्या बॅगा धरून बसली. तिनं शोले थेटरात पाहिलाय, टांगा म्हटल्यावर तीच आधी तयार होईल. पण हादरे बसले तर तिला चढूच देणार नाहीत ना?

हिंगणा_फॅब्रिकेशन:
दादा, त्याची सोय होते. दर काही टांग्यांमागे एक टांगा बिनझटक्याचा ठेवायचा, धन्नो तीच, खडक तेच, डाकू तेच, फक्त प्लॅटफॉर्म हळू डुलणार आणि चाक निघताना आवाज, धूळ सगळं येणार पण टांगा खाली बसणार नाही. चढायची पायरी काढून टाकायची आणि मागचं फळकं बिजागरीवर खाली पाडायचं, ट्रकचं पाडतो तसं. त्याचाच रॅम्प होतो, व्हीलचेअर सरळ आत जाते आणि आत चाकं लॉक करायला पट्टे लागतात. आईंना पुढच्या बाजूला बसवा, तिथून धन्नोचे कान चांगले दिसतील.