वालीवध: कंबनने रामाला सोडवलं की अडकवलं?

शब्दवेडा: तमिळ कवी कंबनच्या कंबरामायणातला वाली छातीत रुतलेला बाण धरून त्यावरचं रामाचं नाव वाचतो आणि मग रामाला धारेवर धरतो. राक्षसाने आगळीक केली म्हणून वानरांच्या राजाला मारा, असं मनुनीतीत कुठे लिहिलंय? राम रुमेचा, म्हणजे वालीने बळकावलेल्या सुग्रीवाच्या बायकोचा, विषय काढतो. वाली म्हणतो, आम्ही माकडं, तुमचे लग्नाचे नियम आम्हाला कशाला? त्यालाही रामाकडे उत्तर आहे. पण 'लपून का मारलंस?' म्हटल्यावर बोलतो तो लक्ष्मण! राम समोर आला असता तर जिवाच्या भीतीने तूही शरण आला असतास, मग सुग्रीवाला दिलेल्या शब्दाचं काय? माझ्या मते कंबनने रामाला मुद्दाम गप्प बसवलंय.

खडूस_काका: काहीही. वाल्मीकींचा राम सरळ सांगतो की शिकारी जनावराला लपूनही मारतात. त्यापेक्षा हे उत्तर शंभर पटीने बरं. आळवारांच्या, म्हणजे तमिळ विष्णुभक्त संतांच्या, मुलखात शरणागतीपुढे सगळं फिकं. ऐकणाऱ्यांना पटलंच असणार.

तिरपागडी: काका, नीट बघा. शरण आला तर मारता येणार नाही, म्हणून शरण यायची संधीच द्यायची नाही! याला आमच्याकडे वकिली म्हणतात.

चेन्नईकर: इथे यावर अजून पट्टिमंड्रम, म्हणजे जाहीर वादसभा, रंगतात. दोन बाजूंचे वक्ते, मध्ये निवाडा देणारा 'नडुवर', आणि टोल्यागणिक टाळ्या. कंबरामायण जाळावं की नाही यावर १९४३ साली द्रविड चळवळीचे नेते अण्णादुराई आणि तमिळ पंडित रा. पि. सेतुपिळ्ळै जाहीर सभेत भिडले होते. अण्णा जाळा म्हणणारे. त्यामुळे 'ऐकणाऱ्यांना पटलंच असणार' हे जरा जपून.

खडूस_काका: ते द्रविड राजकारण. कंबनच्या श्रोत्यांशी त्याचा काय संबंध?

शब्दवेडा: राजकारण सोडा, काव्यच बघू. गीतरामायणात त्या प्रसंगाचं गाणं रामाच्या तोंडी आहे, वालीला बोलायला जागाच नाही. कंबन मात्र मरणाऱ्या वालीला मोठा करतो. तो मागतो काय, तर माझा भाऊ दारूच्या नशेत चुकला तर हा बाण त्याच्यावर सोडू नकोस. पुढे सुग्रीव खरंच पिऊन पडतो, वानरसेनेचं भानच नाही, आणि लक्ष्मण संतापून किष्किंधेत येतो.

खडूस_काका: आणि तोच वाली अंगदाला कुणाच्या हवाली करतो? रामाच्याच ना? एवढा अन्याय झाला असता तर पोटचा पोर मारेकऱ्याच्या हाती दिला असता का?

तिरपागडी: दुसरं होतं कोण? तो पिणारा काका?