विषय: स्कीइंगचं शूटिंग – लेन्स आणि सेटिंग

नमस्कार मंडळी,
कॉपर माउंटनच्या (कोलोरॅडोतलं स्की रिसॉर्ट) सहलीत आपली मुलं नॅस्टारच्या (हौशी स्कीअरसाठीच्या अमेरिकन स्पर्धा) जायंट स्लॅलम, म्हणजे खांबांच्या गेटमधून वळत उतरायच्या, शर्यतीत उतरणार आहेत. व्हिडिओ करायचाय. फुल-फ्रेम कॅमेरा आहे. २४-७० आणि ७०-२०० मिमी यांपैकी एकच लेन्स नेता येईल. कोणती नेऊ? आणि ऑटोवर बर्फ करडा का दिसतो?
– केदार

---

केदार,
७०-२०० ने. फुल-फ्रेमचा सेन्सर (चित्र टिपणारी चकती) ३६ मिमी रुंद असतो. अंतराला ३६ ने गुणायचं, फोकल लेंग्थने भागायचं, की चौकटीत किती मीटर रुंदी मावते ते कळतं. ५० मीटरवर २०० मिमीला ९ मीटर. उंची साधारण ५ मीटर, म्हणजे दीड मीटरचं पोर नीट ओळखू येतं. तेच पोर १० मीटरवर आलं की ७० मिमीला रुंदी ५ मीटर, म्हणजे अजूनही पूर्ण मावतं. २४ मिमीला ५० मीटरवर ७५ मीटर रुंदी, पोर मुंगीएवढं. मात्र आधी बघ, ४के, सेकंदाला ६० फ्रेमला तुझा कॅमेरा सेन्सर कापतो का, म्हणजे त्याचा मधलाच भाग वापरतो का. दीडपट कापत असेल तर ९ ऐवजी ६ मीटरच मिळतील.

पण लेन्सपेक्षा उभं राहायची जागा महत्त्वाची. समोरून, खालून वर बघत घेतलं की उतार सपाट वाटतो. कोर्सच्या बाजूला, जाळीबाहेर उभा राहा आणि क्षितिज सरळ धर. मागची झाडं उभी दिसली की उताराचा तीव्रपणा आपोआप कळतो. प्रकाश मागून किंवा बाजूने असेल तर स्कीने उडवलेला बर्फ चमकतो.

करड्या बर्फाचं कारण असं: कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं सगळं मध्यम करड्यावर आणू पाहतो. फोटोला +१ ते +१⅔ स्टॉप जास्त उजेड द्यावा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). व्हिडिओला तेही नको. गडद जॅकेट चौकटीत आलं की ऑटो उजेड वाढवतो आणि बर्फ भाजून निघतो, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा होतो. सगळं मॅन्युअल कर. झेब्रा (अतिउजळ भागावर पडद्यावर पट्टे दाखवणारी सोय) १०० वर लाव. पट्टे फक्त लखलखणाऱ्या ठिपक्यांवर दिसेपर्यंत अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) बंद करत जा. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ५६०० केल्विनवर पक्का ठेव, नाहीतर सावलीत शिरताना रंग मधेच बदलेल.

६० फ्रेमला शटर १/१२५ सेकंद. स्वच्छ उन्हात, बर्फावर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला तेव्हा एफ/२२ च्या, म्हणजे अगदी छोट्या छिद्राच्या, आसपास जावं लागतं आणि चित्र मऊ, कमी धारदार पडतं. एनडी१६ (उजेड सोळा पटीने कमी करणारा काळा फिल्टर) लावला की एफ/५.६ मिळतो. लॉगमध्ये (नंतर रंग दुरुस्त करण्यासाठी फिकट चित्र घेणारा मोड) बेस आयएसओ ८०० असेल तर आणखी तीन स्टॉप, म्हणजे एनडी१२८. ८-बिट कॅमेऱ्यात लॉग नकोच. त्यात रंगाच्या पायऱ्या कमी, म्हणून आकाशात रंगाचे पट्टे पडतात.
– अनघा

---

अनघाताई, शटरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. मुलांना आपलं वळण थांबवून बघायचं असेल, तर १/१२५ ला स्कीची कड पुसट दिसते. तंत्र तपासायला १/१००० आणि एनडी काढून. सहलीच्या फिल्मला मात्र तुमचंच बरोबर.

केदार, फोकस एएफ-सी (सतत फोकस), ट्रॅकिंग. उडणाऱ्या बर्फाने फोकस ढळू नये म्हणून ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी कर. ढगाळ हवेत बर्फावर कॉन्ट्रास्ट उरत नाही, ऑटोफोकस मागेपुढे शोधत बसतो. तेव्हा एका गेटवर मॅन्युअल फोकस लाव, एफ/८ ठेव, आणि तेवढंच वळण घे. ट्रायपॉडवर पॅन करताना स्टॅबिलायझर बंद किंवा पॅनिंग मोडवर, नाहीतर चित्र अडखळतं.

बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात. गारठल्या की लवकर मान टाकतात, गरम झाल्या की बरीचशी ताकद परत येते. लेन्सवरचा बर्फ ब्लोअरने उडव. फुंकर मारू नको, वाफ काचेवर गोठते.

लॉजमध्ये शिरण्याआधी, बाहेरच, कार्ड काढून घे आणि कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद कर. आत गेल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. कॅमेरा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, निदान तासभर, तशीच ठेव. दव पिशवीच्या बाहेर धरेल, लेन्सच्या आत नाही.
– मिलिंद